एका खुर्चीवर दोघं भाऊ

बंद कर ते लॅपटॉप. हाव, तुलेच म्हनून रायलो, रोहित. बंद कर आन् ठेव बाजूले.

जेवन झाल्यापासून पाहून रायलो, तोंडातल्या तोंडात शिव्या देऊन रायला. काय म्हने, दोन फोटो एकावर एक बसून नाई रायले. सॉफ्टवेअर आपोआप बसवते, पन आज बसवत नाई. नसन बसत तं नसन. प्राजक्ता, हसू नको माय, अंधारात नुसते दात दिसून रायले तुहे. मले एकच सांग, रोहित... त्या दोन फोटोतले मानसं दोन्ही जिते हायेत ना?

मंग ठीक हाये. मंग उद्या सकाळी बसव.

काहून म्हंजे? तुमाले धर्मेंद्र मालूम हाये ना, माह्या लहान्या भावाचं पोरगं, तिवस्यात स्टँडच्या मांगं फोटोचा स्टुडिओ हाये त्याचा? त्याचा आवाज असा घोगरा काहून झाला, हे कधी इचारलं तुमी? तुमी पोट्टे म्हनता, काका खर्रा खात असन. त्यानं जिंदगीत सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाई.

मंग आयका. मधात कोनी मोबाईल काढला तं मी उठून झोपाले जाईन. मले कोनाले भेव घालाची हौस नाई. उभी जिंदगी एसटीत कंडक्टरकी केली, रातच्या गाड्या केल्या, एकाबी भुतानं कधी माह्यापाशी तिकीट मांगलं नाई. म्हनून म्या कधी मानलं बी नाई. पन त्या स्टुडिओचं शटर म्या माह्या हातानं वर केलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात धर्मेंद्रच्या स्टुडिओत मनकर्णाबाई नावाची एक बाई आली. संगं तिची पोरगी हर्षा. तिवस्याच्या आतल्या एका बारक्या गावच्या, गावाचं नाव सांगत नाई, पोरीचा संसार हाये आता. हायवेले लागून त्याईची फुलाची वाडी. झेंडू लावत, शेवंती लावत, आन् अमरावतीच्या बाजारात नेऊन इकत. हर्षाचं लगन जमलं होतं. बाई म्हने, भाऊ, मांडवात ठेवाले एक फोटो पायजे. मी, माही पोरगी, आन् मधात पोरीचे बाबा.

पोरीचा बाप म्हंजे शालिकराम. तो दोन वर्षाआंधी मेला होता.

धर्मेंद्रले हे काम नवं नोतं. आपल्याकडं चालते हे. मेलेला मानूस बी पोरीच्या लग्नात पायजे, मंग त्याले फोटोत बसवा लागते. फोटोवाले काय करतात, घरातलाच त्याच बांध्याचा एखादा मानूस चांगले कपडे घालून खुर्चीवर बसवतात. त्याचा फोटो काढतात आन् त्या धडावर मेलेल्याचं मुंडकं बसवतात. मेलेल्याचे डोळे मिटलेले असले तं डोळे बी त्याच घरच्या मानसाचे लावतात. परक्याचे डोळे लावले तं घरची बाई वळखते बाप्पा, कुठी ना कुठी तिले खटकते. म्हनून घरचाच मानूस पायजे, हा त्या धंद्यातला कायदा हाये. अन् इथीच चुकलं.

शालिकरामचा एकबी धड फोटो नोता. त्याच्या व्हटावर अन् गालावर कोड होतं, त्याची त्याले लाज. कॅमेरा पायला का तोंड फिरवे. आधारकार्डावरचा फोटो तं तुमाले मालूमच हाये, मानूस हाये का गोनपाट हाये समजत नाई. त्याचा चेहरा साफ दिसन असा फोटो एकाच जागी होता, धर्मेंद्रच्याच कॉम्प्युटरात. शालिकरामचं मढं इहिरीतून काढलं, तवा पंचनाम्याचे फोटो काढाले धर्मेंद्रलेच बलावलं होतं. बारक्या गावात हे काम फोटोवाल्याकडंच येते. बाईले ते मालूम होतं. ती म्हने, त्यातलाच घ्या भाऊ, मी तो पाहनार नाई, तुमी फक्त त्याईचे डोळे उघडून द्या.

आता त्या बाईच्या जिवाले काय लागलं होतं ते आयका. शालिकराम मेला त्या सांजच्याले नवरा-बायकोचं भांडन झालं होतं. भांडन वाडीवरून. शालिकरामचा लहाना भाऊ गोपाल, तो म्हने वाडी इकून टाकू, प्लॉट पाडनारे मांगं लागले हायेत. शालिकरामच्या मनात इकाची नोती, पन भावाले तोंडावर नाई म्हनाची त्याची हिंमत होत नोती. बाई चिडली. आंगनात उभी राहून बोलली, आजूबाजूच्या सगळ्यायनं आयकलं, "एवढं बी बोलवत नसन तं जा, इहिरीत जीव द्या." रागात मानूस बोलते. तुमची आजी मले रोज कुठी ना कुठी धाडते, म्हनून मी जातो का? पन दुसऱ्या दिवशी सकाळी शालिकराम खरंच इहिरीत सापडला.

गळ्यावर वळ होते. लोकं म्हने, दोर लावून वर ओढला त्याचे असतीन. पोटात पानी होतं, म्हंजे बुडून मेला, खतम. गावानं ठरवून टाकलं, बायकोच्या तोंडापायी गेला. हर्षाले पाहाले आलेले पाव्हने फाट्यावरच ही गोष्ट आयकत आन् चहाचा कप बी न घेता वापस जात. बाई चारचौघात म्हने, त्याईनं उडी घेतली नाई, ते तसे नोते. आन् रातच्याले पोरीच्या गळ्यात पडून म्हने, म्याच मारलं माय तुह्या बापाले. हर्षानं हे नंतर संध्याले, धर्मेंद्रच्या बायकोले, सांगतलं. दोन वर्ष त्या बाईनं नवऱ्याच्या नावानं धड रडून बी नाई पायलं. आपल्याले रडाचा हक नाई असं वाटे तिले.

आन् ह्या दोन वर्षात घर कोनं सांभाळलं? गोपालनं. पोरीसाठी स्थळ कोनं आनलं? गोपालनं. गाव म्हने, भाऊ असावा तं असा. लग्नात बापाच्या जागी तोच बसनार होता, आन् पोरगी सासरी गेली का वाडीवर सही द्याची, असं त्यानं वयनीकडून कबूल करून घेतलं होतं. तिनं बी हाव म्हनलं. जिच्या तोंडानं नवरा गेला, ती आता कोनत्या तोंडानं नाई म्हनन?

मंग खुर्चीवर कोनाले बसवनार? गोपाललेच. बांधा तोच, नाक तेच, कपाळ तेच. एका बाजूले मनकर्णाबाई, एका बाजूले हर्षा, मधात गोपाल. धर्मेंद्रनं त्याले सांगतलं, हात टोंगळ्यावर ठेवा. पन गोपालचे हात काही ठेपेत नोते. त्याच्या उजव्या हाताचं आंगठ्याजवळचं बोट कडबा कुट्टीत गेलेलं, मुळापासून. तो ते लपवाले पाहे. शेवटी त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आन् दोन्ही हातानं समोर पिळून धरला. धर्मेंद्र म्हने राहू द्या, हात नंतर पाहू.

मे महिना, दुसरा शनिवार. बुद्धपौर्णिमा सोमवारी होती, म्हनून चांदनं भल्लं पडलं होतं. गावात हर्षाची हळद, दुसऱ्या दिवशी लगन. फोटो सकाळी मांडवात पायजे होता आन् धर्मेंद्रनं ते काम शेवटपर्यंत ढकललं होतं. सीझनची गर्दी होती हे खरं, पन खरं कारन असं का त्याले ते मढ्याचे फोटो उघडावेसे वाटत नोते. बाजूचे दुकानं बंद झाले. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं, कूलर लावला आन् बसला.

लेयर म्हंजे काय ते रोहितले मालूम हाये, बाकीच्यायसाठी सांगतो. काचेवर काच ठेवावी तसं असते ते. खालच्या काचेवर गोपाल, खुर्चीवर बसलेला. वरच्या काचेवर शालिकराम, इहिरीच्या काठी खाटेवर पडलेला, डोळे मिटलेले. सॉफ्टवेअरले सांगाचं, बसव. ते दोन्ही फोटोत सारखं काय हाये ते धुंडते आन् सारख्यावर सारखं आनून ठेवते. भावाच्या चेहऱ्यावर भावाचा चेहरा यावा, एवढंच काम होतं.

त्यानं दाबलं. समोर पाटी आली, दोन फोटोत पुरेसं सारखं काही सापडलं नाई.

पुन्हा दाबलं. तेच. मंग त्यानं अकोल्याले स्वप्निलले फोन लावला. स्वप्निल त्याच्या धंद्यातला दोस्त, अकोल्यात लग्नाचे अल्बम बनवते, ह्या कामात त्याचा हात धरनारा कोनी नाई. स्वप्निलनं तिथूनच धर्मेंद्रचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर घेतला, आन् फोन स्पीकरवर ठेवून दोघं लागले. एवढ्या गर्मीत बी दोघायच्या गप्पा, मस्करी चालूच होती.

स्वप्निल म्हने, पयले दोन्ही फोटो एका मापाचे कर. केले. नाई बसले. वरचा लेयर गाठोड्यासारखा पॅक केलेला हाये, तो साधा कर. केला. नाई बसला. मंग म्हने, सॉफ्टवेअरले आपल्या अकलेनं वाकवू देऊ नको, त्याले म्हन फक्त सरकव. ते बी केलं. आता मात्र वरचा लेयर हालला. हालला, पन चेहरा चेहऱ्यावर गेला नाई. शालिकराम खाली सरकला. सरकत सरकत गेला आन् त्याचा गळा गोपालच्या हातावर जाऊन थांबला.

स्वप्निल हसला. म्हने, अबे, हे तं भलतीकडंच गेलं. गळ्यावरच्या वळायनं चकलं असन, गळाच कापून टाक. धर्मेंद्रनं गळ्याखालचं सगळं काढून टाकलं, नुसता चेहरा ठेवला. दाबलं. पाटी आली, सारखं काही सापडलं नाई.

गळा वापस आनला. दाबलं. बसला. हातावर.

गळा काढला का बसत नाई. गळा ठेवला का बसते. दोघायनं दोन-चारदा करून पायलं. आता हसनं बंद झालं होतं. स्वप्निल म्हने, एक शेवटचं करून पाहू. शालिकरामच्या लेयरले कुलूप लाव. कुलूप लावलं का तो जागचा हालत नाई. मंग गोपालच त्याच्याकडं येईन.

धर्मेंद्रनं कुलूप लावलं. दाबलं.

गोपाल खुर्चीसगट वर सरकला. त्याचे हात आले आन् भावाच्या गळ्यावर बसले.

धर्मेंद्रनं वरचा, शालिकरामचा लेयर अर्धा फिक्का केला, खालचे हात दिसावे म्हनून. बोटायच्या जागी वळ होते. प्रत्येक बोटाले एक. लांबी तेवढीच. जाडी तेवढीच. दोन आंगठे नरड्यावर, मधोमध. एका बाजूले वळ पूर्ण होते. दुसऱ्या बाजूले आंगठ्यानंतर एका बोटाची जागा मोकळी होती. गोपालच्या हातावर बी ती जागा मोकळी होती.

दोराले बोटं नसतात, पोट्टे हो.

अकोल्यावरून स्वप्निल म्हने, हे जपून ठेव, आन् त्यानं आपल्या फोनातली रेकॉर्डिंग चालू केली.  

आन् शटर वाजलं.

धर्मेंद्रनं मान फिरवली. शटरच्या खालून गोपाल वाकून आत आला. गालावर हळद, कपाळावर हळद. गावात गाने चालू, पाव्हने बसलेले, आन् हा तिथून उठून इथपर्यंत आला. धर्मेंद्रनं इचारलं, काहून आले गोपालभाऊ, सकाळी मीच आनून देनार होतो. तो म्हने, मले बी मालूम नाई. गाडीवर बसलो. आलो.

मंग त्याची नजर स्क्रीनवर गेली.

तो पाहत रायला.   धर्मेंद्र म्हने, "सॉफ्टवेअरची चूक हाये, भाऊ. चुकीचं बसलं."

गोपालनं आपला हात स्क्रीनजवळ नेला. फोटोतल्या हाताले लावून पायला.

"नाई," तो म्हने. "बराबर बसलं."

शटरपाशी वापस गेला. शटर खाली ओढलं. पूर्ण. आतून कडी घातली.

फोन टेबलावर उलटा पडला होता. चालू. गोपालच्या ध्यानात नाई आला. तो बोलाले लागला, हळू, घरच्या मानसासंगं बोलावं तसा. म्हने, वाडी दादाच्या नावानं होती. सही देतो म्हने, आन् ऐन येळेवर नाई म्हनला. जन्मात पयल्यांदा मले नाई म्हनला. इहिरीच्या काठावर उभा होता. नरडं धरलं, आन् धुगधुगी होती तवाच आत टाकला.

"भांडन सगळ्या गावानं आयकलं होतं. वयनीनं तोंडानं म्हनलं. म्या हातानं केलं."

आन् त्यानं लाईटचा लोखंडी स्टँड उचलला.

पयला घाव तोंडावर. धर्मेंद्रचे समोरचे दात गेले. दुसरा खांद्यावर. हाड वाजलं. तो खुर्चीवरून खाली पडला, कीबोर्ड त्याच्या अंगावर. रक्त त्याच्याच तोंडात भरलं, ओरडता येईना. गोपाल छातीवर बसला. दोन्ही टोंगळे दंडावर दाबले. आन् नरडं धरलं. आंगठे मधोमध.

फोनमधून स्वप्निल ओरडून रायला. सोड, सोड त्याले. गोपालनं मान बी वळवली नाई.

धर्मेंद्रचे पाय फरशीवर आपटून रायले. कूलर आडवा झाला. मंग पाय बी हळू झाले...

आता जे सांगतो ते स्वप्निलनं सांगतलं. तो लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. त्याच्या दोन्ही हातात फोन होता. माऊसले त्याचा हात नोता. धर्मेंद्र तं खालीच पडला होता.

स्क्रीनवर बाण हालला.

हळू. शालिकरामच्या लेयरवर गेला. कुलपावर थांबला.

कुलूप निघालं.

मढ्याचा फोटो सरकला. खाली नाई, वर नाई. बाजूले. गळा हातातून सुटला. फोटो काठापर्यंत गेला. आन् काठाच्या बाहेर गेला. मांगं नुसता गोपाल रायला, दुपट्टा पिळत.

दुकानातली लाईट गेली.

अकोल्यात स्क्रीन काळी झाली. फोन चालू रायला.

स्वप्निलनं आयकलं. खोल इहिरीत धोंडा पडावा, तसा आवाज. एकदा. मंग काहीच नाई.

मंग गोपालचा आवाज.

"दादा..."

धर्मेंद्र अंधारात होता. बेशुद्ध पडता पडता त्याले एवढं समजलं का गोपालच्या हातावर अजून दोन हात आले. ओले. थंडे. ते हात गोपालचं एक एक बोट धरून रायले. उचलून रायले. मांगं नेऊन रायले.

कट्.

"दादा, सोड..."

कट्.

घाई नोती. एकामांगं एक.

कट्.

गोपाल ओरडला. असा ओरडला का स्वप्निलनं फोन कानापासून दूर केला. मंग त्याचं डोकं फरशीवर आपटलं. पुन्हा आपटलं. पुन्हा. मंग आवाज पान्याखाली गेल्यासारखा झाला. गुडगुड. गुडगुड...

लय येळ.

...

मंग तं काहीच नाई.

स्वप्निलनं मले फोन केला. मी तवा तिवस्यातच होतो, धर्मेंद्रच्या घरी. स्टँडवरचे दोघं आटोवाले संगं घेतले, सब्बल घेतली, कडी तोडली, आन् शटर म्या वर केलं. चांदनं आत पडलं. म्या टॉर्च आत फिरवला.

धर्मेंद्र भिंतीपाशी होता. श्वास चालू होता, शिट्टीसारखा. त्याले पयले उचललं, गाडीत टाकलं. मंग दुसऱ्याकडं पायलं.

गोपाल फरशीच्या मधात उताना पडला होता. डोक्याच्या मांगची बाजू रायली नोती. हातावर जेवढी बोटं होती, तेवढी सगळी उलटी, मनगटाकडं वळलेली. डोळे उघडे. तोंडातून पानी वाहून रायलं होतं. हिरवं पानी, शेवाळाचं. बंद होत नोतं. आटोवाल्यानं त्याले कुशीवर केलं तं अजून आलं, बादलीभर आलं. आन् त्याचे कपडे कोरडे. केस कोरडे. म्या फरशीवर हात फिरवून पायला, त्या पान्याबिगर सगळी कोरडी. 

पोलिसायनं धर्मेंद्रले इचारलं, दवाखान्यात जाऊन इचारलं. पन त्याचं हाड मोडलेलं, नरडं सुजलेलं, दात पडलेले. त्यानं कोनाची बोटं मोडावी? आन् कोरड्या खोलीत मानूस बुडते कसा? स्वप्निलच्या फोनात सगळं भरलेलं होतं, गोपालचं बोलनं बी. दिवस निघाच्या आंधीच तो अकोल्यावरून निघाला.

मी त्याले घेऊन त्या गावात गेलो. मांडव तसाच होता, रडारड चालू होती. गोपालले कोनं मारलं म्हनून मानसं आमच्याच आंगावर आले. म्या म्हनलं, पयले आयका, मंग मारा. स्वप्निलनं मांडवाच्या माईकपुढं फोन धरला. आन् गोपालच्या आवाजात ते वाक्य सगळ्या गावानं आयकलं, वयनीनं तोंडानं म्हनलं, म्या हातानं केलं.

 लोकायनं माना खाली घातल्या.

मनकर्णाबाई दारात उभी होती. हात हळदीचे. ती गोपालबद्दल एक शब्द बोलली नाई. म्हने, पुन्हा लावा. लावलं. आयकलं. मंग ती माह्याजवळ आली आन् इचारलं, "म्हंजे त्याईनं उडी नाई घेतली?"

"नाई बाई."

"म्या म्हनलं म्हनून नाई गेले?"

"नाई. मनकर्णाबाई, तुमच्या म्हनन्यानं नाई गेले."

ती तिथीच मांडवात बसली आन् रडली. दोन वर्षाचं रडली. मी परका मानूस, पन मले बी राहवलं नाई, मी बी रडलो. काय लपवाचं त्यात?

पोरीच्या सासरचे भले निंघाले. सुतक फिटल्यावर लगन झालं. वाडी बाईनं इकली नाई, अजून फुलं लावते.

धर्मेंद्र बरा झाला, आवाज तेवढा गेला. स्टुडिओ त्यानं उघडला, पन त्या फोटोले हात लावला नाई. संध्या म्हने, कॉम्प्युटरच फेकून द्या. दिवाळीच्या आंधी मनकर्णाबाई आली, शेवंतीचे हार घेऊन, आन् म्हने भाऊ, माहा फोटो रायला तुमच्याकडं. धर्मेंद्र म्हने, तो बनलाच नाई बाई. ती म्हने, जसा असन तसा दाखवा. मी बाजूलेच बसलो होतो. म्या म्हनलं, उघड.

त्यानं उघडला.

लेयर एकच होता. दोन नोते, कुलूप नोतं, एकच. गोपाल कुठीच नोता. खुर्चीवर शालिकराम बसला होता. व्हटावर कोड, अंगात स्वतःचा मळका शर्ट. गळा साफ. हात टोंगळ्यावर, मोकळे. डोळे उघडे.

बाजूले मनकर्णाबाई आन् हर्षा, दोघी समोर पाहून रायल्या, कॅमेऱ्याकडं, जशा त्या दिवशी बसवल्या होत्या. शालिकराम कॅमेऱ्याकडं पाहून नोता रायला. त्याची मान जराक वळलेली होती. तो बायकोकडं पाहून रायला होता.

बाई फुडं झाली. पदरानं स्क्रीन पुसली. मंग म्हने, "असेच पाहत. भांडन झालं का, मी बोलेपर्यंत असेच पाहत बसत."

धर्मेंद्रनं तिच्या समोर सगळा कॉम्प्युटर धुंडून पायला. शालिकरामचे डोळे उघडे असलेला एकबी फोटो त्याच्यात नाई.